घासण्याआधी वही : मराठवाड्यात जुन्या-नव्या हत्यारांचा संग्रह कसा करावा

मराठवाड्यात जुना वाडा पाडायला घेतला की बळदातून, माळ्यावरून किंवा देवघरामागच्या कोनाड्यातून अजूनही एखादी तलवार, कट्यार नाहीतर भाल्याचं पातं निघतं. मग चार दिवसांत दोनपैकी एक गोष्ट होते. कोणीतरी ती पॉलिश पेपरने घासून लख्ख करतं, नाहीतर ती लोखंडाच्या भावाने भंगारात जाते. लख्ख केलेली तलवार घरात राहते, पण पात्यावरचा जौहर (पोलादातली लाटांसारखी नक्षी), मुठीवरचं सोन्याचं काम आणि टिंबांनी कोरलेली अक्षरं जातात. ती वस्तू कुठून आली हे लिहून ठेवलं नसेल, तर उरतं ते फक्त लोखंड.

म्हणून या छंदातलं पहिलं साधन वही आहे. तिच्याकडे यायच्या आधी कायदा समजून घ्यावा लागतो, कारण इथली चूक पैशांवर भागत नाही.

कायदा : हत्यार घरात येण्याआधी

शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ हे दोन मजकूर मुळातून वाचा. २०१६ च्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत बंदुकांखेरीजच्या हत्यारांचा वेगळा वर्ग आहे. तलवार, गुप्ती, खंजीर, संगीन, भाला आणि परशू त्यात नावानिशी येतात. चाकू, कृपाण, खुकरी यांसारखी पाती ९ इंचांपेक्षा (सुमारे २३ सेंमी) लांब किंवा २ इंचांपेक्षा (सुमारे ५ सेंमी) रुंद असतील तर तीही याच वर्गात मोडतात. घरकाम, शेती, शास्त्र किंवा उद्योगासाठी बनवलेली पाती यातून वगळली आहेत. म्हणून विळा, ऊसतोडीचा कोयता आणि अडकित्ता यांची गोष्ट वेगळी आहे.

या वर्गातली हत्यारं कुठे परवान्याशिवाय ठेवता येत नाहीत हे कलम ४ खालच्या अधिसूचनेवर ठरतं. महाराष्ट्रात तलवार सापडली की कलम ४ आणि २५ खाली गुन्हा दाखल होतो. शस्त्रबंदीचा आदेश असेल तर महाराष्ट्र पोलीस कायद्याची कलमं ३७ आणि १३५ लागतात. असे आदेश पंधरा-पंधरा दिवसांसाठी निघत राहतात आणि सणासुदीला हमखास असतात. त्यामुळे ‘आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे’ एवढं म्हणून भागत नाही. जिल्ह्यात जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेकडे आणि छत्रपती संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्तालयाकडे लेखी अर्ज करा. अर्जात वस्तूचं वर्णन, पात्याची लांबी-रुंदी, तीन फोटो, ती तुमच्याकडे कशी आली आणि कुठे ठेवणार हे लिहा, आणि परवाना लागतो का असा सरळ प्रश्न विचारा. अर्ज दोन प्रतींत करा. तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. हत्यार दाखवायला पिशवीत घालून नेऊ नका. नेणं हेही बाळगणंच ठरतं. आधी कागद द्या, मग ते सांगतील तसं करा.

सगळ्यात जास्त गैरसमज कलम ४५ बद्दल आहे. ‘शंभर वर्षं झाली की सूट’ असं सर्रास सांगितलं जातं. कलमात असं नाही. कालबाह्य, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं हत्यार तेव्हाच सुटतं, जेव्हा ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालणार नाही. ठासणीची बंदूक दोनशे वर्षांची असली तरी नळी धड असेल आणि घोडा बसवता येत असेल तर तिला परवाना लागतो. नवशिक्याने बंदुकांच्या वाटेला जाऊच नये, हे आमचं स्पष्ट मत आहे. घरात अशी बंदूक सापडलीच तर ती भरलेली आहे असं धरूनच वागा. दारू आणि गोळी नळीत वर्षानुवर्षं तशीच राहू शकते. तोंड माणसांपासून दूर ठेवा आणि घोड्याला हात लावू नका. नळीत लाकडी काठी अलगद सोडा आणि ती किती आत जाते त्याची खूण करा. मग तीच काठी नळीवर बाहेरून धरून बघा. बत्तीच्या छिद्रापासून चार-पाच सेंमी आधीच ती अडत असेल तर आत काहीतरी आहे. उकरायला जाऊ नका, पोलीस ठाण्याला कळवा.

शेत नांगरताना किंवा विहीर खणताना काही निघालं तर १८७८ चा निखात निधीचा कायदा लागू होतो. दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाची, जमिनीत दडलेली वस्तू मिळाली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. भोकरदन तालुक्यातल्या असईच्या शिवारात २३ सप्टेंबर १८०३ ला शिंद्यांचं सैन्य आणि इंग्रज सेनापती वेलस्ली यांची लढाई झाली. अशा गावांच्या रानातून निघालेली वस्तू कोणी विकायला आणली तर घेऊ नका. ती विकायचा हक्क त्यालाही नाही.

मुठीचं सामानही तपासा. हस्तिदंताची मूठ, गेंड्याच्या कातड्याची ढाल, काळविटाच्या शिंगांचं माडू (ढालीला दोन शिंगं जोडलेलं हत्यार) हे सगळं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली येतं. ते विकत घेता येत नाही. वारशाने आलं तर ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जाहीर करावं लागतं. हाडाची मूठ दाखवून हस्तिदंत म्हणून विकणारेही भेटतात. भिंगाखाली हाडात बारीक काळे ठिपके आणि रेघा दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या वाटा असतात. हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेषांची जाळी दिसते. विकणारा खरं बोलत असेल तर व्यवहार बेकायदा, आणि खोटं बोलत असेल तर फसवणूक. दोन्ही वेळा हात मागे घ्या.

आणि १९७२ चा पुराणवस्तू कायदा : शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि तिचा धंदा करणाऱ्याकडे परवाना लागतो. परदेशातल्या भाच्याला आजोबांची कट्यार आठवण म्हणून देण्याचा विचार इथेच थांबवा.

सुरुवात कशाने करावी

पहिलं वर्ष अडकित्ते, लोखंडी किंवा पितळी ढाली, मोकळी म्यानं, परतल्याचे (तलवारीच्या खांद्यावरच्या पट्ट्याचे) पितळी बकल आणि विळे-कोयते यांवर घालवा. हे दुय्यम वाटेल, पण धातू ओळखायची सवय यांच्यावरच लागते. अडकित्त्याच्या खिळीवर केलेलं पितळेचं झाळकाम, घडीव लोखंडातले धागे, हाताने मारलेली कानस हे सगळं एका चांगल्या अडकित्त्यात बघायला मिळतं, आणि चुकलात तरी पाच-सहाशे रुपयांत चुकता. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते एकदा नीट बघून या.

नव्या हत्यारांत नांदेड हे मोठं ठिकाण आहे. तख्त सचखंड श्री हुजूर साहिब परिसरात कृपाणांची दुकानं आहेत. शिखांना कृपाण धारण करण्याचा हक्क घटनेच्या कलम २५ च्या स्पष्टीकरणाने दिला आहे. तो धर्माचरणाचा हक्क आहे. दुकानातून मोठी तलवार घेऊन एसटीने घरी निघालेल्या हौशी माणसाला तो लागू होत नाही. ऑनलाइन मागवलेल्या तलवारी कुरिअर कार्यालयात पकडल्याच्या बातम्या संभाजीनगरातूनही आल्या आहेत. मागवणाऱ्यांना ती शोभेची वस्तू वाटत होती. धार नसली तरी तलवार ही तलवारच.

आपल्या भागातलं काय ओळखायचं

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इथली हत्यारं समजून घ्यायची तर दख्खन, हैदराबाद आणि इंग्रजी छावण्या अशा तिन्ही बाजूंनी बघावं लागतं.

पोलाद आधी. नांदेड जिल्ह्याच्या पलीकडे, आजच्या निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचं गाव आहे. तिथे मुशीत वितळवून केलेलं पोलाद बाहेरदेशी जात होतं. याच जातीच्या पोलादाच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटते. तिला जौहर म्हणतात. ती वर काढलेली नसते, पोलाद थंड होताना कार्बाइडच्या (लोखंड-कार्बन संयुगाच्या) कणांचे थर बसतात, त्यांची ती रचना असते. म्हणून पातं भट्टीत फार तापवलं तर ती विरते, आणि वरून पॉलिश केलं तर दिसेनाशी होते. वेगवेगळ्या लोखंडाच्या पट्ट्या जोडून केलेल्या नक्षीत एकाच मापाची आवर्तनं येतात, जौहरात तशी येत नाहीत. अनेक घरांतली ‘साधी’ म्हणून पडलेली तलवार जौहरदार असते, पण गंजाखाली ते कळत नाही. न घासण्याचं हे एक मोठं कारण.

फिरंग म्हणजे सरळ, युरोपी पात्याची तलवार. पात्यावर अर्धचंद्राची जोडी आणि तिला दातेरी किनार दिसली की विकणारा इटलीतल्या ‘जिनोव्हा’ची म्हणून सांगतो. ही खूण इतकी प्रतिष्ठेची होती की युरोपातल्या इतर गावांनी आणि आपल्याकडच्या लोहारांनीही ती उचलली. धावत्या लांडग्याची खूण जर्मनीतल्या पासाऊ आणि झोलिंगेनची, तिचंही तेच झालं. खुणेवरून पात्याचा मूळ देश ठरवू नका. वजन, पन्हळीची (पात्यावरच्या लांब खोबणीची) कारागिरी आणि पात्याचा उतार बघा.

एका प्रकाराकडे इथल्या संग्राहकांनी मुद्दाम लक्ष द्यावं. हैदराबाद कंटिंजंटच्या (निजामाच्या खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेल्या फौजेच्या) छावण्या संभाजीनगर, जालना, हिंगोली आणि मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला होत्या. इंग्रजांनी टाकून दिलेली घोडदळाची जुनी पाती निजामाच्या स्वारांनी देशी मुठीत बसवून वापरली, असं कॅप्टन नोलन या इंग्रज घोडदळ अधिकाऱ्याने १८५३ मध्ये लिहून ठेवलं आहे. वस्तऱ्यासारखी धार लावून ती पाती लाकडी म्यानात ठेवत, कारण पोलादी म्यानात धार बोथट होते. ही पाती बहुधा १७९६ च्या नमुन्याच्या हलक्या घोडदळाची. अशा पात्याची लांबी साधारण ८३ सेंमी असते, एक रुंद पन्हळ असते आणि टोकाकडे पातं अरुंद होण्याऐवजी रुंदावतं. देशी मूठ आणि विलायती पातं बघून लोक ‘जोडलेला माल’ म्हणून ती नाकारतात. इथे ती खरी, याच भागाची वस्तू असू शकते.

कट्यारीचं टोक बघा. जुन्या कट्यारीचं टोक जाड केलेलं असतं, कारण ते चिलखताच्या कड्यांतून जायचं असे. पत्र्यातून कापलेल्या नकलेचं टोक पातळ असतं. मूठ दाबली की पातं उघडून तीन होणारी कट्यार बहुतेक वेळा एकोणिसाव्या शतकातली हौसेची वस्तू असते. युद्धातली म्हणून तिला जास्त भाव देऊ नका.

संगिनींमध्ये १९०७ च्या नमुन्याची ली एन्फील्डची संगीन सगळ्यात जास्त दिसते. मूळ पातं १७ इंची, म्हणजे सुमारे ४३ सेंमी. ‘आरएफआय’ अशी अक्षरं म्हणजे ईशापूर रायफल फॅक्टरी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात हीच रचना १२ इंची पात्याने बनली, त्यामुळे आखूड पातं दिसलं की लगेच ‘कापलेलं’ म्हणू नका. टोकाचा आकार आणि पन्हळ कुठे संपते ते बघा. कापलेल्या पात्याची पन्हळ टोकात घुसते.

खरं-खोटं : हातात घेतल्यावर

सोबत एवढं सामान हवं : कापडी टेप, व्हर्नियर, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा पाच किलोचा काटा, दहापट भिंग, एलईडी टॉर्च, छोटा लोहचुंबक आणि नायट्राइलचे हातमोजे. घामातल्या मिठाने पात्यावर बोटांचे ठसे गंजून उमटतात, तेही काही दिवसांत. म्हणून मोजे घालायला लाजू नका.

पहिल्यांदा जाडी मोजा. मुठीजवळ, मध्यावर आणि टोकाच्या, म्हणजे पिपळ्याच्या, पाच सेंमी अलीकडे. हाताने घडवलेल्या तलवारीचं पातं मुठीजवळ ६ ते ८ मिमी असतं आणि टोकाकडे २–३ मिमीपर्यंत उतरत जातं. पत्र्याच्या पट्टीतून कापलेल्या नकलेची जाडी तिन्ही ठिकाणी जवळजवळ सारखी भरते. ही एक चाचणी बाजारातल्या निम्म्या शंका मिटवते.

मग वजन. बहुतेक देशी तलवारी ८०० ग्रॅम ते १.२ किलोच्या दरम्यान असतात. दीड किलोच्या पुढे गेलेली ‘मावळ्याची तलवार’ मनात शंका आणायला पुरेशी आहे. वजनाने भारी म्हणजे वीराची, ही समजूत चुकीची. ती दिवसभर चालवायची असे.

मूठ बघा. जुन्या मुठीत जागा कमी असते, आजच्या पंजाला ती आखडते. नवी मूठ ऐसपैस असते. कडेने टॉर्च तिरपा धरून जोडांकडे बघा. पितळेच्या झाळणाची पिवळी रेघ दिसली तर ठीक, विजेच्या वेल्डिंगचे मणी दिसले तर ती वस्तू अलीकडची किंवा अलीकडे दुरुस्त केलेली. मुठीवर सोन्याचं काम असेल तर ज्या जागी तार निघून गेली आहे तिथे भिंग लावा. कोफ्तगरीत लोखंडावर आधी बारीक आडव्या-उभ्या रेघांची जाळी पाडून त्यात तार ठोकतात, त्यामुळे तार गेली तरी जाळी दिसते. जाळी नसेल आणि सोनेरी थर पापुद्र्यासारखा सुटत असेल तर तो रंग किंवा मुलामा. उदयपूरला आजही उत्तम कोफ्तगरी होते. ती नवी म्हणून घ्यायला काहीच हरकत नाही, जुनी म्हणून घेऊ नका.

गंजाचंही वय असतं. जुना गंज गडद तपकिरी ते काळा, पात्याला घट्ट, कमी-जास्त खोलीचा. आम्ल लावून केलेला गंज नारिंगी, सगळीकडे सारखा, बोटाला लागणारा, आणि पात्याची धार, पाठ, खाच कुठेही भेद न करणारा. देव्हाऱ्यात किंवा भिंतीवर राहिलेल्या खऱ्या तलवारीची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त खराब असते.

लेख असेल तर हिजरी सनाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा. उदाहरणार्थ हिजरी ११२० म्हणजे इसवी १७०८. शकात ७८ मिळवा. निजामी कागदांतल्या फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, फसली १३५८ म्हणजे १९४८. टिंबाटिंबांनी ठोकलेली देवनागरी अक्षरं दिसली तर विशेष सावध राहा आणि फोटो काढा. बिकानेरच्या शस्त्रागारात अशा नोंदी ठोकत, आणि १६८९ मध्ये अदोनीहून तिकडे गेलेली दख्खनी हत्यारं त्यांवरूनच ओळखू येतात.

एक नियम मात्र पक्का ठेवा : ‘अमुक सरदाराची तलवार’ या वाक्याला कागद नसेल तर शून्य रुपये द्या. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखं साताऱ्याला आली. ती अफझलखानाच्या वेळचीच हे पडताळता आलेलं नाही, असं त्या संग्रहालयानेच नोंदवलं आहे. तिथे निदान डबीवर लिहिलेला मजकूर तरी आहे. आपल्याकडे येणाऱ्या वस्तूंना तेवढंही नसतं.

वही

व्यवहार झाला त्याच दिवशी पावती करा. परवानाधारक विक्रेत्याकडून त्याचा परवाना क्रमांक, वस्तूचं वर्णन, अंदाजे वय आणि किंमत असलेलं बिल घ्या. घराण्याकडून घेताना साध्या कागदावर खरेदीपावती चालेल, पण त्यात देणाऱ्याचं पूर्ण नाव, गाव, तालुका, वस्तू घरात कोणाकडून आली आणि वाड्यात कुठे ठेवलेली होती हे लिहून घ्या. वाटणीतला हिस्सा असेल तर बाकीच्या भावा-बहिणींच्या सह्या. हे न केल्याने पुढे होणारी भांडणं फार कडू असतात.

मग घरातल्या वडीलधाऱ्यांना बोलतं करा. ‘आज्ज्याच्या काळात कुठं होती? रझाकाराच्या वक्ताला कुठं लपवली? कोण पुजायचं?’ हे प्रश्न पैशांचा विषय निघण्याआधी विचारा. किंमत ठरल्यावर गोष्टी फुगतात. उत्तरं त्यांच्याच शब्दांत, तारखेसह लिहा. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शनच्या आगेमागे या भागातल्या अनेक घरांतून हत्यारं गेली, पुरली गेली, जमा झाली. ती माहिती सांगू शकणारी माणसं आता नव्वदीत आहेत.

वहीत प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या : वर्ष आणि अनुक्रम, जसं २०२५.००७. त्याखाली नाव, एकूण लांबी, पात्याची लांबी पाठीच्या सरळ रेषेत, तीन ठिकाणची रुंदी आणि जाडी, वजन, मुठीचं साहित्य, लेख किंवा खुणा, मोडतोड, मिळाल्याची तारीख, पावती आणि सरकारी पत्राचा क्रमांक. फोटो आठ : दोन्ही बाजू पूर्ण, मूठ चारही बाजूंनी, खुणेचा जवळून, पाठीचा. फोटोत पट्टी ठेवा आणि उजेड एका बाजूने तिरपा पाडा, म्हणजे उथळ कोरीवकामही दिसतं. क्रमांक धातूवर लिहू नका, सुती नाडीने चिठ्ठी बांधा. वहीची एक प्रत घराबाहेर, बँकेच्या लॉकरमध्ये किंवा वकिलाकडे.

साफसफाई

शिकलगार आणि घिसाडी यांच्या हातात धार लावण्याची विलक्षण कला आहे. विळा-कोयता त्यांच्याकडेच द्यावा. जुनी तलवार मात्र धारेसाठी देऊ नये, सहाणेचं चाक पात्याचा वरचा थर घेऊन जातं आणि तो परत येत नाही. हेच लिंबू, चिंच, राख, संडास साफ करायचं आम्ल, ग्राइंडर आणि वायर ब्रश यांचं. आम्लाने घासलेली तलवार दोन दिवस चमकते आणि पहिल्या पावसात पुन्हा लाल होते, कारण छिद्रांत उरलेलं आम्ल काम करत राहतं.

करायचं ते असं. आधी मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा. रंगाच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाइन कापसाच्या बोळ्याला लावून जुनं तेल, कुंकू आणि काजळी पुसा. बोळा काळा झाला की टाका, तोच फिरवत राहू नका. खोली हवेशीर हवी, देवासमोरचा दिवा विझवलेला. मुठीजवळ स्पिरिट वापरू नका. पात्याची शेपटी मुठीत लाखेने बसवलेली असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते.

लाल, बोटाला लागणारा गंज असेल तेवढ्याच जागी शिलाई मशीनचं तेल लावून २४ ते ४८ तास ठेवा. मग बांबूच्या किंवा तांब्याच्या तासलेल्या काडीने हलकेच खरवडा. तांबं लोखंडापेक्षा मऊ असल्याने ओरखडा पडत नाही. फार चिवट असेल तर ०००० नंबरचं स्टील वूल तेलात बुडवून, पात्याच्या लांबीच्या दिशेने, फक्त साध्या पृष्ठभागावर. सोन्या-चांदीचं काम, लेख आणि खुणांवर अजिबात नाही. काळा, घट्ट थर लागला की थांबा. तो खाणारा गंज नव्हे, त्याने आतलं लोखंड राखलं आहे. एका तलवारीला तीन-चार संध्याकाळी लागतात. एका बैठकीत संपवायला गेलं की हात जड होतो.

शेवटी टर्पेंटाइनने तेल पूर्ण काढा आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. वीस मिनिटांनी सुती फडक्याने चोळा, दुसऱ्या दिवशी दुसरा हात. तेलापेक्षा मेण बरं, तेलावर आपल्याकडची धूळ बसते आणि धूळ ओल धरते. खोबरेल किंवा सरकीचं तेल तर नकोच, ते कालांतराने आंबट होऊन चिकट थर धरतं.

मूठ हलत असेल तर एम-सील किंवा फेव्हिक्विक घालू नका. पुढच्या माणसाला ती मूठ न मोडता कधीच काढता येणार नाही. हलती मूठ नाडीने बांधून ठेवा. खरंच बसवायची असेल तर पुन्हा लाखेनेच, आणि तेही जाणकार संवर्धकाकडून. पात्यावर थेंबांसारखे पिवळट-तपकिरी दाणे घामासारखे फुटत असतील तर लोखंडात क्षार आहेत. ते घरी हाताळायचं काम नव्हे.

ठेवण

पातं म्यानात ठेवू नका. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, आणि सगळ्यात चांगल्या हेतूने. जुनं चामडं आणि लाकूड ओल आणि आम्ल धरतं, आणि तोंडाची मोहनाळ घट्ट असेल तर ती ओल बाहेर पडत नाही. पातं वेगळं, म्यान शेजारी, दोघांवर एकच क्रमांक.

मराठवाड्यात मे महिन्यात हवा चाळीस अंशांच्या वर आणि कोरडी, आणि जुलैत दमट. लोखंडाला ६० टक्क्यांच्या वरची आर्द्रता नको, ५० च्या खाली असेल तर उत्तम. चारशे-पाचशे रुपयांचा डिजिटल आर्द्रतामापक आणा. साध्या कपाटात सिलिका जेलच्या चार पुड्या टाकून काही होत नाही, फटींतून येणारी हवा त्यांना एका दिवसात भरून टाकते. झाकणाला रबरी पट्टी लावलेली पेटी घ्या. प्रमाण : घनमीटरला २० किलो. १०० सेंमी लांब, ४० रुंद, २५ उंच पेटी १०० लिटरची, तिला २ किलो जेल. नारिंगी जेल हिरवं झालं की ओव्हनमध्ये ११० अंशांवर दोन-तीन तास सुकवा. निळं जेल घेऊ नका, त्यातलं कोबाल्ट विषारी असतं. लाकडी किंवा शिंगाच्या मुठीची वस्तू याच पेटीत ठेवली तर ती तडकते, तिला वेगळी, ४५ ते ५५ टक्क्यांची जागा हवी.

पत्र्याखालची खोली टाळा, उष्णतेने लाख मऊ पडते. पश्चिमेची भिंत टाळा. खाली फेल्ट किंवा पांढरा पॉलिथिन फोम घाला, रेक्झिन आणि प्लायवूड नको, दोन्हींतून निघणारी वाफ धातूला खाते. चामड्याच्या ढालीला कसर लागली तर पिशवीत हवाबंद करून घरच्या डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा आणि बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर थंड चामड्यावर पाणी धरतं. पेटीला कुलूप, किल्ली एकाकडेच.

खंडेनवमी

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे घरोघर शस्त्रं पुजली जातात, आणि संग्रहातल्या पात्यांना वर्षातलं सगळ्यात मोठं नुकसान याच दिवशी होतं. हळद-कुंकू पात्यावर लागतं, त्यावर ओल्या झेंडूची माळ बसते, वर कापलेलं लिंबू. पारंपरिक कुंकवात तुरटी किंवा लिंबू असतं. ते तसंच महिनाभर राहिलं की पात्यावर कुंकवाच्या बोटांच्या आकाराचे खड्डे उमटतात. अनेक घरांतल्या तलवारींवर मुठीपासून वीतभर अंतरावर असे गोल डाग सापडतात. जुन्या पूजेच्या त्या खुणाच आहेत. त्या नोंदवाव्यात, घासून काढू नयेत.

पूजा सोडायची गरज नाही. आठवडाभर आधी मेणाचे दोन हात द्या. पाटावर कोरडं सुती वस्त्र आणि त्यावर केळीच्या पानाऐवजी कोरडा तागाचा तुकडा घाला, पान पाणी सोडतं. हळद-कुंकू पात्यावर न लावता पात्याजवळ ठेवलेल्या सुपारीवर किंवा विड्यावर लावा. वस्तूला लावायचंच असेल तर म्यानाच्या तहनाळीवर (टोकाच्या धातूच्या टोपणावर) एक बोट, कोफ्तगरीच्या मुठीवर नाही. माळ पाटाभोवती, लिंबू पाटाखाली. पूजा आवारातच, मिरवणूक नाही, कारण त्या दिवसांत बंदी आदेश लागू असतात. संध्याकाळी आरती झाली की मोजे घालून सगळं पुसा, टर्पेंटाइनचा एक हात, मेणाचा एक हात, आणि त्याच रात्री पाती परत पेटीत. वहीत तारीख लिहून जेलचा रंग बघा, हिरवा झाला असेल तर दसऱ्याच्या सकाळी सुकवायला घाला.